नळ आला तरी उठायचं नाही

अक्का,

बारा दिवस भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलत होता. "सुटल्या. आयुष्यभर राबल्या, आता विश्रांती मिळाली." मी मान हलवत होते, कारण दुखवट्याच्या घरात वाद घालू नये एवढं मला कळतं. पण मला ते मान्य नाही आणि ते तुलाच सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. विश्रांती कसली? तुम्हा लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत. कपाळावर विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन, बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. अक्कलकोटच्या अलीकडं तुमच्या शेतात मी बांधावर उभी होते आणि तुला शेवटचं पाहिलं तेही बसलेलंच. पाठ ताठ, मान किंचित डावीकडं, फोन वाजला तर ऐकू यावा अशी. मला रडू आलं नाही, राग आला. म्हटलं, ही बाई इथंही आडवी झाली नाही.

दहा महिने मी तुझ्या मागं लागले होते, की एकदा तरी त्या मालिशच्या टेबलावर झोप. गावातल्या बायका येऊन झोपतात आणि तू मालकीण असून झोपत नाहीस, हे कुठलं शहाणपण? तू तेलाचे हात पंच्याला पुसत म्हणायचीस, "मला न्हाय जमत झोपून, इंजिनेरबाई. झोपलं की हात रिकामे पडत्यात." मी इंजिनिअर नाही, इंटिरियर डिझायनर आहे, हे मी तुला पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. "म्हंजे भिंतीचंच की," असं म्हणून तू ते प्रकरण मिटवून टाकायचीस. आणि मी सुरुवातीला अहो-जाहो करायचे तेव्हा म्हणाली होतीस, "तुमी काय म्हनती गं, मी काय कचेरीतली सायबीन हाय व्हय?"

मल्लिनाथ, तुझा मुलगा, माझ्याकडं आला तेव्हा त्याचा विचार सरळ होता. जुळे सोलापुरात खाली त्याचं औषधांचं दुकान, वरचा मजला रिकामा. आईचे गुडघे गेलेत. चाळीस वर्षं घरोघरी जिने चढून तिनं बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावलं, आता लोकांनीच जिना चढून आईकडं यावं. त्याला स्पा हवा होता, एकदम आजच्या पद्धतीचा. मी पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढून नुकतीच परत आले होते. माझ्या एकटीच्या नावाचं हे पहिलं काम. राखाडी भिंती, गुळगुळीत गोटे, बांबू, लव्हेंडरचा वास, आणि दारातून आत येताच समोर पाण्याची भिंत. काळ्या दगडावरून अखंड ओघळणारं पाणी, खाली उथळ कुंड, कुंडात दोन दिवे. ते चित्र मी मुद्दाम जाड कागदावर छापून आणलं होतं.

तू चष्मा लावलास, चित्र लांब धरून, जवळ धरून पाहिलंस आणि विचारलंस, "हे पानी रोज वाहनार?"

"तेच ते पाणी फिरतं, अक्का. मोटार असते. थेंबभर वाया जात नाही."

"ते मला कळलं की. पन डोळं मिटून पडलेल्या बाईला कसं कळनार?"

मी हसले. मोठ्या माणसाची शंका म्हणून सोडून दिलं. तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही.

बाकीची भांडणं मी एकेक करून हरत गेले, हे कबूल करते. एप्रिलच्या दुपारी पांढऱ्या उन्हातून आलेलं माणूस माझ्या मंद दिव्यांच्या खोलीत पाऊल टाकेल तेव्हा त्याला काहीच दिसणार नाही, ते चाचपडेल आणि दचकेल, हे तू नुसत्या नकाशावर बोट ठेवून सांगितलंस. एका खोलीचे सहा फूट कापायला लावलेस. तिथं अर्धवट उजेड, वाळ्याचा पडदा आणि शहाबादी फरशीचा एक लांब बाक. "डोळं निवू देत आदी. अंग मागनं." मी चार दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. मग दागिन्यांसाठी मी किल्लीची कपाटं काढली होती, तर म्हणालीस, "मुठीत किल्ली धरून कोन झोपतंय?" आणि प्रत्येक टेबलाच्या उशाशी पितळेची एक वाटी आणून ठेवलीस. मंगळसूत्र तिच्यात. हात लांब केला की लागेल, तेवढ्यावर. टॉवेल मी बाहेरून मागवले, पांढरेशुभ्र, कापसासारखे फुगलेले. सोलापुरात बाहेरून टॉवेल. त्या दिवशी तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. मोहोळला एका दातांच्या दवाखान्याचं काम मी केलं, तिथं मी तुझा बाक वापरला. तसाच अर्धा उजेड, तशीच फरशी. डॉक्टरांनी माझं फार कौतुक केलं, पेशंट आल्या आल्या शांत होतात म्हणाले. हे तुम्हाला कसं सुचलं, असं विचारलं. मी म्हटलं, अनुभवातून. तुझं नाव घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगू, मग सांगू, असं करत राहिले आणि तू निघून गेलीस. आता ऐक आणि चिडायचं असेल तर चिड.

पाण्याच्या भिंतीवर मात्र मी हटले नाही. नळ्या गाडल्या, दगड लावला, मोटार बसवली. स्पा उघडण्याआधी तू ओळखीच्या चार बायकांना बोलावलंस, हात बसतो का बघायला. शाळेत शिकवणाऱ्या सुनंदाबाई, त्यांच्या दोन मैत्रिणी आणि शेजारची एक. चौघी तेल लावून तीन खोल्यांत आडव्या झाल्या, दिवे मंद झाले आणि मी ऐटीत बटण दाबलं. पाणी ओघळायला लागलं. फार सुंदर आवाज होता तो, आजही म्हणेन.

पाच मिनिटं झाली नसतील. सुनंदाबाई ताडकन उठून बसल्या. "नळ आला का?" दुसऱ्या खोलीतून आवाज, "आज आमचा वार नाही ना गं?" शेजारची तर टॉवेल गुंडाळून, तेलकट पायांनी मागच्या बाजूला निघाली होती. बादली शोधायला. आपण कुठं आहोत हे तिला मोरीच्या दारात गेल्यावर कळलं.

पुण्याच्या कुणी ही चूक केली असती तर एक वेळ चाललं असतं. मी याच गावात वाढलेली. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तो कधी येईल याचा नेम नाही, आणि वाहत्या पाण्याचा आवाज म्हणजे उठ, पळ, पिंप लाव, हे माझ्याही हाडात होतं. सहा वर्षांत मी ते विसरले. पण हे त्या दिवशी मी कबूल केलं नाही. उलट म्हणाले, सवय होईल बायकांना, नव्या गोष्टीला वेळ लागतो.

तू स्वतः जाऊन बटण बंद केलंस. "मॅडम," म्हणालीस, म्हणजे रागावली होतीस. "ल्हानपनी तुला झोप कशानं लागायची?"

मी खरं ते सांगितलं. सोलापुरातच, विणकरांच्या पूर्व भागात, आमच्या पुढच्या खोलीत नानांचा, माझ्या वडिलांचा माग होता. त्याच्या खटखटीत आम्ही भावंडं झोपायचो. माग थांबला की जाग यायची, की सूत तुटलं, का वीज गेली, का नानांना काही झालं.

"मग भिंतीत माग लाव की," म्हणालीस आणि आत गेलीस. जाता जाता दारातून म्हणालीस, "वर्सभर थांब. बायकांला सवय झाली असं दिसलं तर मीच बटन दाबीन." मी पुन्हा तोंड उघडलं तर तुझं नेहमीचं कानडी, "सुम्न कुंदर." गप बस. आमच्या घरी तेलुगू, त्यामुळं मला येणारी कानडी तेवढीच आहे, आणि ती सगळी तुझ्याकडून ऐकलेली.

आठ दिवसांनी आले तर त्या कोरड्या काळ्या दगडापुढं तू एक उंच स्टूल ठेवलं होतंस. एक पाय आखूड, त्याच्याखाली गोळ्यांच्या खोक्याची घडी. बाजूला मल्लिनाथच्या दुकानातलं जुनं लाकडी फडताळ, लहान लहान कप्प्यांचं. मी दारावर लावलेली "कृपया फोन बंद ठेवा" ही सुरेख पाटी उतरवून तू भिंतीकडं तोंड करून ठेवली होतीस. बाईनं आत जाताना फोन चालू ठेवून कप्प्यात ठेवायचा आणि तू स्टुलावर बसून तो ऐकायचा. "बंद केला की जीव फोनातच ऱ्हातोय," हे तुझं म्हणणं. दोन मुलींना तू शिकवून तयार केलं होतंस, त्या आत तेल लावायच्या. अवघड पाठ असली तरच तू उठायचीस.

मला वाटलं, नळ आला की घरून फोन येईल आणि तू बाईला हळूच उठवशील. चला, निदान सोय आहे. मग एक दिवस मी समोर असताना फोन वाजला. तू उचललास. "व्हय, हितंच हाय. झोपली. न्हाय, उठवत न्हाय. भरून घ्या की तुमी." पलीकडं कुणाचा तरी नवरा होता. त्याला कॉक कुठला, मोटारीचं बटण कुठलं, काही माहीत नव्हतं. तू त्याला फोनवरच सगळं शिकवलंस. "पिंप आदी धुवायचं. हां. मग पिन्याचं येगळं." दहा मिनिटं चालला तो वर्ग.

मी तुझ्यावर केवढी उखडले. म्हटलं, अक्का, ही लोकांची घरं आहेत. सासवा चिडतील, नवरे चिडतील, बायकांना पाठवायचेच बंद होतील. तू म्हणालीस, "होऊ दे की. सव्वा तासात कुनाचं घर वाळून जात न्हाय." मी म्हटलं हा स्पा आहे, चळवळ नाही. तू म्हणालीस, "तू तुझ्या भिंती बघ."

भिंती बघत होतेच मी. आणि छतही. हे शेवटचं भांडण, अक्का, आणि यात मी बरोबर आहे. नानांनी माग विकायच्या आधी कापडाचा एक ताका काढला होता, साधा, पांढरा, कोऱ्या सुताचा. तो घरात तसाच होता. मी तो कापून तिन्ही खोल्यांच्या छताला लावला, सैल झोळ सोडून, वरून मंद उजेड. झोपलेल्या माणसाला वर बघितलं की दिसतं, खाली वाकलेल्याला कधीच नाही. आजवर केलेलं माझं सगळ्यात चांगलं काम ते आहे. तू त्याच्याखाली दहा महिने वावरलीस आणि एकदाही पाहिलं नाहीस. "वर बघ ना जरा," असं मी म्हटलं की तू म्हणायचीस, "वर बघून तेल कुनाला लावू?" मी सांगितलंही नाही की ते नानांचं कापड आहे. म्हटलं, झोपेल तेव्हा स्वतःच विचारेल. तू झोपलीच नाहीस.

काल स्पा परत उघडला. तेरावा दिवस. मल्लिनाथनं मला बोलावून घेतलं होतं. डोळे जागरणानं सुजलेले, दाढी वाढलेली. त्याच्या हातात माझं ते जाड कागदाचं चित्र. तुझ्या ट्रंकेत सापडलं म्हणाला, साडीच्या घडीत ठेवलं होतंस. तू ते जपून ठेवलंस हे मला माहीत नव्हतं. का ठेवलंस, हे आता विचारायचं कुणाला?

"मॅडम," तो म्हणाला, "ते स्टूल बघवत नाही मला. जिना चढून आलो की आधी तेच दिसतंय. काढून टाकू. तुमची पाण्याची भिंत चालू करू. वर आईचा फोटो लावू, खाली दिवे. नळ्या हायतच की, मोटार हाय. तुम्हालाच पाहिजे होती ना?"

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. क्षणभर मला ती हवी होती. माझं चित्र, माझा दगड, नुसतं बटण दाबायचा अवकाश, आणि अडवायला कुणी नाही. वर तुझा फोटो म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही. मग मला तुझाच राग आला. तू मागितलेलं वर्ष भरायला दोन महिने बाकी होते. मला समोरासमोर हरव नाहीतर जिंकू दे, पण हे असं मैदान सोडून जाणं काय? तुझ्या मागं, तुझ्या फोटोखाली मिळालेली भिंत मला नको होती.

मी नको म्हणाले. त्याला वाटलं मी भिडेपोटी म्हणते आहे. "मग पुण्याच्या कुणाला तरी विचारतो," तो म्हणाला, चिडून नाही, दमून. त्याला ते स्टूल डोळ्यांपुढून घालवायचं होतं, दुसरं काही नाही. आणि तेवढ्यात फोन वाजला.

फडताळातला फोन. आत पहिलं गिऱ्हाईक सुनंदाबाई होत्या, तू गेल्यापासून पाठ धरली आहे म्हणून आलेल्या. आम्ही दोघंही स्टुलाकडं बघत राहिलो. सवयीनं. फोन वाजतच होता.

"त्यांच्या घरचा असणार," मल्लिनाथ म्हणाला. "आज तिकडं पाण्याचा वार हाय. उठवायला लागंल." आणि तो खोलीच्या दाराकडं निघाला.

मी जाऊन स्टुलावर बसले. दहा महिन्यांत पहिल्यांदा. ते डुगडुगलं, खालची खोक्याची घडी निसटली होती. आणि अक्का, तिथून सगळं दिसतं. जिना दिसतो, बाक दिसतो, बाकावर निवत बसलेली माणसं दिसतात, तिन्ही खोल्यांची दारं दिसतात. संपूर्ण मजल्यावरची ही एकच जागा अशी आहे. मी नकाशा काढला, भिंती मोजल्या आणि ही जागा पाण्याला दिली होती. आतली बाई शांत झोपते ती माझ्या दिव्यांमुळं नाही, तिच्या वाटचं इथं कुणीतरी जागं बसलंय म्हणून, हे कळायला मला या डुगडुगत्या लाकडावर बसावं लागलं.

"थांब," मी मल्लिनाथला म्हणाले आणि फोन उचलला.

सुनंदाबाईंच्या सासूबाई. मी आवाज ओळखला. दुखवट्याला येऊन विश्रांती मिळाली म्हणून गेलेल्यांत त्याही होत्या. "सुनंदाला द्या की जरा. पानी आलंय."

"त्या झोपल्यात. तेल लावलंय."

"मग उठवा की. आता गेलं की चार दिस येत न्हाई."

मी पुण्यात शिकलेली, गिऱ्हाइकांशी गोड बोलणारी, तुला वर्षभर सबुरीचे धडे देणारी बाई. माझ्या तोंडून निघालं, "उठवत न्हाय. भरून घ्या की तुमी."

पलीकडं नळाचं पाणी कशात तरी पडत असल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"कोन बोलतंय?" त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, "अक्का हाय का?"

मल्लिनाथ माझ्याकडं बघत होता. त्याला पलीकडचं सगळं ऐकू आलं होतं.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.  तरी त्यांनी विचारलं, "पिंप आदी धुवायचं का?"

"आदी धुवायचं," मी म्हणाले. "पिन्याचं येगळं."

फोन ठेवला तेव्हा मल्लिनाथ तुझ्या बाकावर बसून रडत होता, तेरा दिवसांत पहिल्यांदा. मी त्याला रडू दिलं. मग त्याच्याजवळचं ते चित्र घेतलं, चार घड्या घातल्या आणि स्टुलाच्या आखूड पायाखाली सारलं. कागद जाड आहे, बरोबर बसला. आता ते हलत नाही. पुण्याच्या कुणाला विचारायचं नाही, असं मी त्याला सांगितलं, आणि विचारलंस तर मी जिन्यात आडवी बसेन हेही सांगितलं. तो म्हणाला, "पन बसणार कोण हितं?" मी म्हटलं, मंगळवार-शुक्रवार मी बसते, बाकीच्या दिवशी तू बस. खालचं दुकान घटकाभर कामाच्या पोरावर सोड. जाताना तो स्टुलावरची धूळ हातानं पुसून गेला.

सुनंदाबाई पूर्ण सव्वा तासानं उठल्या. गालावर उशीची घडी उमटली होती. आत वर पांढरं कापड कसलं आहे हो, फार छान वाटलं, असं म्हणाल्या. मी सांगितलं, नानांचं आहे. तुझ्याआधी त्यांना सांगावं लागलं, हे मला अजून लागतं आहे.

तर भिंतीचं भांडण तू जिंकलीस. लिहून देते. छताचं अजून चालू आहे आणि मी ते सोडणार नाही. विश्रांती मिळाली असं कुणी काहीही म्हणो, मी मानत नाही, कारण तू गेलीस तीही कान देऊन बसलेली. आज मंगळवार. मी स्टुलावर बसूनच हे लिहिते आहे. कप्प्यात तीन फोन आहेत, तिन्ही खोल्यांची दारं बंद आहेत. नळ येऊ दे नाहीतर न येऊ दे, बघायला मी आहे. आता तरी आडवी हो, अक्का, आणि एकदा वर बघ.